धरणातली मासळी कुणाची?

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याचे नाव निघाले की आंगणेवाडीची जत्रा आठवते, भरतगड आठवतो. गड नदी याच गावाच्या अंगाने कालावलच्या खाडीकडे जाते. या किनाऱ्यावर मासळीची चर्चा होते ती समुद्राची. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या भांडणावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पण गोड्या पाण्यातल्या मासळीबद्दल कुणी बोलत नाही. याच तालुक्यात 1530 साली बांधलेला धामापूरचा तलाव आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गोव्याच्या भागीदारीतले तिलारी धरण आहे. महाराष्ट्रभर तर धरणांची रांगच लागली आहे. म्हणून आम्ही विचारतो, गाव बुडवून जे पाणी साठवले, त्यातली मासळी कुणाची?

या प्रश्नाची मेख समजून घेतली पाहिजे. धरणात जे कटला, रोहू, मृगळ हे मासे वाढवतात, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले. पण हे बीज दरवर्षी विकत घेऊन सोडावे लागते. म्हणजे दरवर्षी भांडवल लागते. होडी, जाळे, बर्फ, टेम्पो यांचा खर्च वेगळाच.

इथेच ठेकेदार शिरतो. कागदावर तलाव सहकारी संस्थेच्या नावाने असतो. बीज मात्र ठेकेदाराच्या पैशाचे, जाळे त्याचे, आणि मासळीचा भावही तोच ठरवतो. रात्रभर थंडीत पाण्यावर राबणारा माणूस स्वतःच्याच संस्थेत मजूर होतो. अनेक ठिकाणचे हे चित्र आहे.

कोकणच्या माणसाला हे नवीन नाही. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसून दोघांच्या मधले खाणारा खोत आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी विधानसभेवर नेला. जमिनीवरचा खोत पुढे कायद्याने गेला. पाण्यावरचा खोत कधी जाणार?

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने ध्यानात घ्यावी. धरणात गाव बुडते तेव्हा ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला. ज्याने दुसऱ्याच्या बांधावर हयात घालवली, त्या भूमिहीनाच्या हाती काय येते? 2013 च्या भूसंपादन कायद्याने शेतमजूर, कुळे, कारागीर यांच्या कुटुंबांनाही बाधित मानले. पाटबंधारे प्रकल्पातल्या बाधितांना जलाशयात मासेमारीचा हक्क देता येईल, असेही त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पण 'देता येईल' म्हणजे 'दिलाच पाहिजे' नव्हे! सरकारी भाषेतला हा फरक गरिबाच्या ताटातला घास काढून घेतो.

कुणी म्हणेल, मासेमारी हे ठरावीक जातींचे काम, इतरांना ते कसे जमणार? मध्य प्रदेशातल्या तवा धरणाने याचे उत्तर दिले आहे. 1996 साली तिथल्या विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. त्यात बहुसंख्य आदिवासी, ज्यांचा हा पिढीजात धंदा नव्हता. सुमारे दहा वर्षे त्यांनी तो चालवला, उत्पादन वाढवले. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या नावाखाली हक्क गेला, पण कौशल्य जातीबरोबर जन्माला येत नाही हे सिद्ध झाले.

याचा अर्थ भोई, ढीवर, कोळी बांधवांच्या तोंडचा घास काढा, असा नाही. तेही नागवले गेलेलेच आहेत. त्यांना आणि धरणग्रस्त भूमिहीनांना एकमेकांविरुद्ध झुंजवणे ठेकेदाराच्याच पथ्यावर पडते. आमची मागणी साधी आहे. जो प्रत्यक्ष जाळे टाकतो तोच सभासद असावा. मासळी विकणाऱ्या बायांना सभासदत्व मिळावे. पहिली काही वर्षे मत्स्यबीज सरकारने द्यावे आणि विक्रीचा हिशेब दरमहा फळ्यावर लावावा.

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. ओंजळभर पाण्याचा हक्क आपण मिळवला. आता त्या पाण्यातल्या भाकरीचा हिशेब मागायला हवा. आपल्या तालुक्यातला तलाव कुणाच्या नावावर आहे आणि मासळी कोण उचलतो, हे माहितीच्या अधिकारात विचारून सुरुवात करा.