परसातली शेकोटी आणि परवान्याचा प्रश्न

अमेरिकेच्या उपनगरांत स्वतःचे घर झाले की घरामागच्या मोकळ्या जागेविषयीचे बेत सुरू होतात. आधी भाज्यांचे वाफे, मग चार खुर्च्या आणि त्यानंतर बहुधा 'फायर पिट', म्हणजेच परसातील शेकोटीचे कुंड. न्यू जर्सी, ओहायो, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या परसातही हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. लोखंडी वा दगडी कुंड कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते आणि ते विकत घेताना परवान्याची विचारणा होत नाही. साहजिकच, जे घेण्यास परवाना लागत नाही ते पेटवण्यासही लागत नसावा, असा समज रूढ होतो. हा समज काही गावांत खरा, काही गावांत अर्धा खरा आणि काही शहरांत साफ चुकीचा ठरतो.

देश एक, नियम अनेक

घरामागच्या शेकोटीला परवाना लागतो की नाही, हे ठरवणारा एकच कायदा संपूर्ण अमेरिकेसाठी अस्तित्वात नाही. राज्याचे अग्निसुरक्षा नियम, राज्याचे वा विभागाचे हवा-प्रदूषणविषयक नियम, कौंटी वा शहराचा वटहुकूम आणि त्याखाली घरमालकांच्या संघटनेची, म्हणजे 'एचओए'ची नियमावली, असे एकावर एक थर असतात. वरच्या थराने मुभा दिली तरी खालचा थर ती काढून घेऊ शकतो. त्यामुळे 'आमच्याकडे चालते' या शेजारच्या गावातील मित्राच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे असते.

या विविधतेत एक समान धागा मात्र आहे. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था 'इंटरनॅशनल फायर कोड' नावाची नमुना संहिता प्रसिद्ध करते. तिची पहिली आवृत्ती २००० साली निघाली आणि दर तीन वर्षांनी ती सुधारली जाते. ही संहिता स्वतःहून कायदा नाही. राज्याने वा शहराने ती स्वीकारली, तीही हव्या त्या फेरफारांसह, तरच ती लागू होते. तथापि बऱ्याच गावांच्या नियमांचा सांगाडा तिच्यातूनच आलेला असल्याने ती समजून घेणे उपयुक्त ठरते.

आगीचे प्रकार आणि अंतराचे गणित

या संहितेच्या दृष्टीने परसातील प्रत्येक आग सारखी नसते. पहिला प्रकार 'रिक्रिएशनल फायर'चा. जळणाचा ढीग ३ फूट व्यासाच्या आणि २ फूट उंचीच्या आत असेल, त्यात कचरा नसेल आणि ती ऊब, स्वयंपाक, करमणूक वा धार्मिक विधी यांसाठी असेल, तर ती आग या प्रकारात मोडते. तिच्यासाठी संहिता परवाना मागत नाही. मात्र कोणत्याही इमारतीपासून वा पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूपासून २५ फूट अंतर राखण्याची अट घालते.

दुसरा प्रकार उचलून ठेवता येणाऱ्या कुंडाचा. दुकानात मिळणारी बहुतेक लोखंडी कुंडे या वर्गातली. उत्पादकाच्या सूचना पाळणे आणि १५ फूट अंतर ठेवणे ही त्यांची अट आहे. एक वा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना नमुना संहितेने यातून सूट दिली आहे. परंतु स्थानिक नियमांत ही सूट असेलच असे नाही. शिवाय अपार्टमेंट वा सलग घरांच्या वसाहतीत राहणाऱ्यांना तिचा लाभ मिळत नाही.

तिसरा प्रकार 'बॉनफायर'चा, म्हणजे समारंभासाठी पेटवलेल्या मोठ्या आगीचा. तिच्यासाठी ५० फूट अंतर आवश्यक असून अग्निशमन अधिकाऱ्याचा परवाना आधी घ्यावा लागतो. हा परवाना केवळ जमिनीच्या मालकालाच मिळतो. भाडेकरूने अर्ज करून भागत नाही.

या सर्व प्रकारांना दोन नियम सामाईक आहेत. आग पूर्ण विझेपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी सतत हजर असले पाहिजे. तसेच अग्निशामक नळकांडे, वाळू, माती, पाण्याचे पिंप किंवा बागेची पाण्याची नळी यांपैकी काहीतरी हाताशी असले पाहिजे.

होळीचे काय?

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे येतो. नैवेद्याची पुरणपोळी आणि नारळ घेऊन परसात पेटवलेली छोटी होळी ३ फूट आणि २ फूट या मर्यादेत राहिली, तर संहितेच्या भाषेत ती साधी 'रिक्रिएशनल' आग ठरते. तिचा हेतू धार्मिक असल्याने तिच्यावर वेगळे बंधन येत नाही. परंतु पंधरा-वीस कुटुंबे एकत्र जमली आणि होळी पुरुषभर उंच रचली गेली, की तीच आग 'बॉनफायर' होते आणि परवाना, अंतर, जमीनमालकाचा अर्ज हे सारे लागू होते. उपनगरातील सामान्य आकाराच्या परसात चहूबाजूंनी ५० फूट मोकळी जागा मिळणे कठीणच. तेव्हा मोठी होळी घरामागे करण्याऐवजी अग्निशमन दलाच्या संमतीने सार्वजनिक मैदानावर करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

यात ऋतूचाही संबंध आहे. होळी बहुधा मार्चमध्ये येते, आणि ईशान्य अमेरिकेत वणव्यांचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो. बर्फ वितळलेले असते, झाडांना पालवी फुटलेली नसते आणि गेल्या शरदातील सुकलेला पाचोळा उन्हा-वाऱ्यात उघडा पडलेला असतो. न्यूयॉर्क राज्यात दरवर्षी १६ मार्च ते १४ मे या काळात झाडांच्या फांद्या व झुडपे जाळण्यावर बंदी असते, ती याच कारणाने. ३ फुटांहून कमी उंच आणि ४ फुटांहून कमी लांब-रुंद अशा शेकोटीला राज्याचे नियम या काळातही मुभा देतात. न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत मात्र घराच्या परसात लाकडाची उघडी शेकोटी पेटवताच येत नाही. एकाच राज्यातील हा फरक स्थानिक नियम पाहणे का गरजेचे आहे, हे स्पष्ट करतो.

परवाना नको, पण आज नको

'परवाना लागत नाही' याचा अर्थ 'केव्हाही पेटवावी' असा होत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या नऊ कौंटींत हवेच्या गुणवत्तेची देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण आहे. हवा बिघडण्याची चिन्हे दिसली की ते 'स्पेअर द एअर' इशारा जारी करते. सूक्ष्म धूलिकणांसाठी असा इशारा असलेल्या दिवशी घरातील फायरप्लेसबरोबरच परसातील लाकडाच्या कुंडालाही बंदी असते. पूर्वी ही बंदी हिवाळ्यापुरती होती. वणव्यांच्या धुराचा अनुभव घेतल्यानंतर २०१९ मध्ये ती वर्षभरासाठी लागू करण्यात आली. गॅसवर चालणारी कुंडे तिच्यातून वगळलेली आहेत.

यामागचे कारण शास्त्रीय आहे. लाकडाच्या धुरात २.५ मायक्रॉनहून लहान कण मोठ्या प्रमाणात असतात. ते फुफ्फुसांत खोलवर जातात आणि दमा वा हृदयविकार असलेल्यांना त्यांचा त्रास तत्काळ जाणवतो. थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वर सरकत नाही. म्हणजे शेकोटीला जी रात्र सर्वांत सुखद वाटते, तीच धूर कोंडून ठेवणारी असते. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून आग विझवण्याचा आदेश देण्याचा अधिकार अनेक ठिकाणी अग्निशमन अधिकाऱ्याला असतो, त्यामागे हा विचार आहे.

दुष्काळात तर नियम एका रात्रीत बदलतात. २०२४ चा ऑक्टोबर हा न्यू जर्सीच्या नोंदींतील सर्वांत कोरडा महिना ठरला. नोव्हेंबरमध्ये राज्यभर कडक निर्बंध आले. लाकूड आणि कोळसा या दोहोंच्या उघड्या आगीला मनाई झाली आणि गॅस वा विजेवर चालणाऱ्या, जमिनीपासून उंच असलेल्या शेगड्यांनाच मुभा राहिली. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये त्याच राज्यातील ओशन कौंटीत लागलेल्या वणव्याने १५ हजारांहून अधिक एकर क्षेत्र व्यापले. लाकडी पॅलेट्सची शेकोटी नीट न विझवता सोडून दिल्याने तो भडकला, असा आरोप तपास यंत्रणांनी एका तरुणावर ठेवला. त्या आरोपाचा निकाल काहीही लागो, विझल्यासारखी दिसणारी आग विझलेली नसते, हा धडा त्यातून घ्यावाच लागतो.

काय जाळावे, काय नाही

परसातील शेकोटीत जळण म्हणून केवळ सुकलेले, रंग वा रसायन न लावलेले लाकूड चालते. ओहायो राज्याचे नियम याचे चांगले उदाहरण आहेत. ३ फूट व्यास आणि २ फूट उंचीच्या आतील शेकोटीला तेथे राज्याच्या पर्यावरण विभागाची परवानगी लागत नाही. मात्र जळण स्वच्छ व सुके हवे आणि कचऱ्याची विल्हेवाट हा हेतू नसावा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सुचवते. ओले लाकूड कमी पेटते आणि जास्त धुमसते.

जुन्या कुंपणाच्या वा डेकच्या फळ्या तर मुळीच जाळू नयेत. २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडावर आर्सेनिकयुक्त द्रावणाची प्रक्रिया सर्रास होत असे. अशा फळीचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. भारतातून मुलांकडे मुक्कामाला आलेल्या आई-वडिलांनाही एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अंगण झाडून पाचोळ्याला काडी लावणे ही गावाकडची सहज सवय तेथे महागात पडू शकते. पालापाचोळा जाळणे ही शेकोटी नसून उघड्यावर कचरा जाळणे समजले जाते आणि बऱ्याच राज्यांत वा शहरांत त्यावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत.

अल्कोहोल वा तत्सम द्रव इंधनावर चालणाऱ्या छोट्या टेबलावरील कुंडांविषयीही सावध राहायला हवे. ज्योत विझली असे समजून पुन्हा इंधन ओतताच आगीचा लोळ उसळतो. २०१९ पासून अशा उपकरणांशी निगडित दोन मृत्यू आणि किमान ६० जखमींची नोंद झाल्याचे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्या प्रकारची कुंडे न वापरण्याचा इशारा दिला.

पक्के कुंड, वेगळा परवाना

जमिनीत खोदून दगड-विटांचे पक्के कुंड बांधायचे असेल किंवा नैसर्गिक वायूची वाहिनी तिथवर न्यायची असेल, तर प्रश्न अग्निशमन खात्यापुरता राहत नाही. गॅसवाहिनीसाठी सर्वसाधारणपणे शहराच्या बांधकाम विभागाचा परवाना आणि तपासणी लागते. कुदळ मारण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणेही आवश्यक असते. २००७ पासून देशभर सुरू असलेल्या या सेवेमार्फत जमिनीखालील गॅस, वीज आणि दूरध्वनीच्या वाहिन्या खुणा करून दाखवल्या जातात. याखेरीज घरमालकांच्या संघटनेचे नियमही पाहावे लागतात. शहराने दिलेला परवाना संघटनेच्या मनाईवर मात करत नाही.

खरा प्रश्न

परवाना हे कवच नव्हे, ही या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार निष्काळजीपणाने वा नियम मोडून पेटवलेली आग हाताबाहेर गेली, तर ती विझवण्याचा सरकारी खर्चही संबंधिताकडून वसूल करता येतो. रीतसर परवाना असला तरी वाऱ्याच्या दिवशी पेटवलेल्या आगीची जबाबदारी पेटवणाऱ्यावरच राहते.

म्हणून घरमालकाने 'परवाना लागतो का' एवढेच विचारून थांबू नये. 'या जागी, आज, हे जळण पेटवता येईल का' असे विचारावे. पहिल्या भागाचे उत्तर गावच्या अग्निशमन कार्यालयात बिगर-तातडीच्या क्रमांकावर फोन करून मिळते. दुसऱ्या भागासाठी त्या दिवशीचा हवेचा इशारा आणि राष्ट्रीय हवामान सेवेचा 'रेड फ्लॅग' इशारा पाहावा लागतो. तिसऱ्याचे उत्तर हातातील लाकूड पाहून स्वतःलाच द्यावे लागते. गप्पा संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून ती हाताला गार लागेपर्यंत थांबावे आणि मगच झाकणाच्या धातूच्या डब्यात भरावी. ही पंधरा मिनिटे कोणत्याही परवान्यावर लिहिलेली नसली, तरी शेजाऱ्याचे घर सुरक्षित राहते ते त्यांच्यामुळेच.