लाल घामाचा पाणघोडा आणि उन्हातला पेंग्विन

पेंग्विन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बर्फ, बर्फ आणि बर्फ! मग आता ऐका. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे पेंग्विन आहेत ना, त्यांच्या मूळ मुलखात निवडुंग उगवतात. हो, काटेरी निवडुंग!

हे हम्बोल्ट पेंग्विन. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहणारे. तिथे कितीतरी ठिकाणी किनाऱ्याला लागूनच वाळवंट आहे. पण समुद्राचं पाणी गारेगार, कारण दक्षिणेकडून थंड पाण्याचा मोठा प्रवाह किनाऱ्यालगत वाहत येतो. म्हणजे पाण्यात शिरलं की थंडी आणि बाहेर आलं की ऊन! थंडीसाठी त्याच्या अंगावर आखूड, दाट पिसं असतात, पाणी आत शिरूच देत नाहीत. आणि उन्हासाठी? चोचीच्या मुळाशी नीट बघा. तिथे पिसं नाहीत, गुलाबी कातडी उघडी आहे. अंगातली जास्तीची उष्णता तिथून बाहेर पडते.

वर्षातून एकदा ही सगळी पिसं दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि नवी येतात. तोवर पाण्यात उतरायची सोय नाही, म्हणजे मासे नाहीत, म्हणजे चक्क उपास! म्हणून आधीच भरपूर खाऊन तो गुबगुबीत होऊन बसतो.

आणि घरटं कशात करतो माहीत आहे? शी म्हणू नका हं! समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे वर्षानुवर्षं साचलेले जाड थर असतात, त्यांत तो बीळ कोरतो. आतमध्ये ऊन लागत नाही, अंडी सुरक्षित राहतात. माणसांनी मात्र ते थर खत म्हणून खणून बोटी भरभरून नेले आणि कितीतरी पेंग्विनांची बिळंच गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे हे पाहुणे 2016 च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून आले, एकूण आठ. 2017 च्या मार्चपासून लोकांना ते बघता येऊ लागले. 2018 च्या 15 ऑगस्टला फ्लिपर आणि मिस्टर मोल्ट या जोडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन! ते आठवडाभरच जगलं. पण पुढे 2021 च्या मे महिन्यात ओरिओ जन्मला आणि तो जगला.

भिवंडीच्या मुलांना राणीची बाग काही फार लांब नाही. ठाणे किंवा कल्याण गाठायचं, लोकल पकडायची, भायखळ्याला उतरायचं आणि पूर्वेला थोडं चालायचं. बाग सुरू झाली 19 नोव्हेंबर 1862 रोजी. तेव्हा इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचं नाव तिला दिलं होतं, म्हणून ती राणीची बाग. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक हत्ती उभा आहे, दगडाचा! मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. 1864 साली इंग्रज त्याला उचलून इंग्लंडला न्यायला निघाले, तर क्रेन मोडली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले. जवळ जाऊन सांधे शोधा, मजा येते.

आता परत बागेत येऊ आणि पाणघोडा बघू. त्याच्यासमोरून लोक दोन मिनिटांत पुढे का जातात, मला कळतच नाही. जरा थांबा की! कान, डोळे आणि नाकपुड्या, तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला. त्यामुळे बाकी सगळं अंग पाण्यात बुडवूनही तो ऐकतो, बघतो आणि श्वास घेतो. बुडी मारली की नाकपुड्या आपोआप बंद. एवढं पाण्यात राहून त्याला धड पोहता मात्र येत नाही, तो तळावर पाय टेकवत चालतो!

त्याच्या कातडीतून एक चिकट द्रव पाझरतो. आधी रंगहीन, मग काही मिनिटांत लालभडक, मग तपकिरी. पूर्वी लोकांना वाटायचं, त्याला रक्ताचा घाम येतो. 2004 साली जपानी संशोधकांनी उलगडा केला. त्यात रक्त नाहीच, लाल आणि नारिंगी अशी दोन रंगद्रव्यं आहेत. ती उन्हातले अतिनील किरण अडवतात आणि लाल द्रव्य जंतूंची वाढ रोखतं. ऊनरक्षक मलम आणि जखमेचं औषध एकत्रच!

आणि एक गोष्ट तुमच्या घरची. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भिवंडी तालुक्यातून जातो. पिसे बंधाऱ्यावर भातसा नदीचं पाणी उपसतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि जाड जाड जलवाहिन्यांतून मुंबईला धाडतात. पाणघोड्याच्या हौदापाशी उभे राहिलात की सोबतच्या मुंबईकर भावंडांना हे जरूर सांगा.

काचेवर टकटक मात्र करू नका, प्राण्यांना त्याचा त्रास होतो. आणि घरच्यांना बुधवारी न्यायला सांगू नका, त्या दिवशी बाग बंद असते.