उन्हाळ्याचें भाकित आणि आपलें वऱ्हाड

दरवर्षीं मार्च महिना सरतां सरतां भारतीय हवामान विभाग एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या उष्णतेचें भाकित प्रसिद्ध करितो. देशाचा नकाशा रंगवून, कोठें उष्मा सरासरीहून अधिक राहण्याचा संभव आहे, तें त्यांत दाखविलेलें असतें. २०२४ सालच्या भाकितांत असें म्हटलें होतें कीं, निरनिराळ्या भागांत उष्णतेच्या लाटेचे दिवस एरव्हींच्या ४ ते ८ ऐवजीं १० ते २० भरतील. असा आंकडा वाचून अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या वाचकानें काय समजावें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम आपला प्रदेश पाहूं. उत्तरेस गाविलगडचे व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें पूर्णेचें सखल खोरें, अशी वऱ्हाडची ठेवण आहे. अकोल्याहून अरबी समुद्र चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हां मुंबईकरांस दुपारीं जो खारा वारा मिळतो, तो आपणांस कोठला? कपाशी व तूर निघाल्यावर काळी जमीन उघडी पडते. तींत ओल नसल्यामुळें उन्हाची सारी शक्ति माती व हवा तापविण्याकडेच जाते. वायव्येकडून येणारे वारे कोरडे असतात, आणि मेच्या चौथ्या आठवड्यांत मध्यान्हींचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्याच सुमारास आपल्याकडे नवतपा लागतो. चिखलदरा मात्र सुमारें १,१०० मीटर उंच असल्यानें अमरावतीहून चार-पांच अंशांनीं थंड राहतें.

आतां ‘लाट’ या शब्दाकडे वळूं, कारण खरी मेख तेथेंच आहे. सपाट प्रदेशांत पारा निदान ४० अंशांस पोहोंचला व तो सरासरीहून ४.५ अंशांनीं किंवा अधिक वाढला, तर लाट मानितात. किनाऱ्यावर ४० ऐवजीं ३७ अंश पुरतात. सरासरी कांहींही असो, पारा ४५ वर गेला तरीही लाटच. पुण्याची मे महिन्यांतील सरासरी सुमारें ३७ अंश. तेथें पारा ४२ झाला कीं लाट ठरते. अकोल्याची सरासरीच सुमारें ४२ अंश आहे! म्हणजे अकोल्यांत मे महिन्यांत ४४ अंशांचा दिवस हा नियमानुसार लाटेचा दिवसच नव्हे. पत्र्याच्या छपराखालीं राहणाऱ्यास किंवा वीटभट्टीवरील मजुरास हा भेद कसा पटावा? सरासरीशीं तुलना करणें शास्त्रास सोयीचें असेल. देहास मात्र सरासरी ठाऊक नसते.

शिवाय कोरड्या हवेचा एक फसवा गुण आहे. कोंकणांत घाम अंगावर निथळतो. आपल्याकडे तो येतां येतांच वाळतो. म्हणून वाळ्याच्या ताट्या आणि कूलर येथें चांगले चालतात, व मुंबईच्या दमट हवेंत ते निरुपयोगी ठरतात. परंतु घाम दिसत नसल्यामुळें अंगांतलें पाणी किती गेलें, याचा अंदाज लागत नाहीं, आणि मनुष्य तहान लागेपर्यंत काम करीत राहतो. पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट. तेथील शेतमजुरास बांधावर गोड पाणी मिळणें हीच मोठी गोष्ट आहे. रात्रही उष्ण राहिली, तर दिवसाचा शीण उतरत नाहीं. म्हणून भाकितांत किमान तपमानाबद्दल काय लिहिलें आहे, तें आम्ही कमाल तपमानाइतकेंच लक्षपूर्वक वाचतों.

तीन महिन्यांचें भाकित हें केवळ संभव सांगतें. अमुक दिवशीं घराबाहेर पडूं नये, हें त्यावरून कळत नाहीं. त्याकरितां नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचे रोजचे इशारे पाहावे लागतात. त्यांत पिवळा, नारिंगी व तांबडा हे रंग चढत्या धोक्याचे असतात. मे २०२४ मध्यें अकोल्याचा पारा ४५ च्या पुढें गेला, तेव्हां जिल्हाधिकाऱ्यांनीं कलम १४४ अन्वयें हुकूम काढून मजुरांस पाणी व सावली पुरविण्याचें बंधन मालकांवर घातलें, आणि खासगी शिकवणीवर्गांच्या वेळाही बदलावयास लाविल्या.

विदर्भांत पाऊस साधारणतः १५ जूनच्या सुमारास पोहोंचतो. त्यामुळें २०२५ सालीं इतर महाराष्ट्रांतील शाळा १६ जूनला, तर विदर्भांतील शाळा २३ जूनला उघडण्याचें ठरलें होतें.