दोन आकड्यांतून वर्षभराचे आकाश

पुण्यातल्या एका शाळेचा आराखडा तयार होतो आहे. वर्गाला उत्तरेकडे खिडक्या आहेत. ट्यूबलाइट न लावता वर्षातले किती तास मुलांना फळा आणि वही नीट दिसेल?

आपल्याकडे याचे जुने उत्तर आयएस 2440 या भारतीय मानकात आहे. सूर्य क्षितिजापासून 15 अंशांवर, आकाश निरभ्र आणि बाहेर आकाशाचा उजेड 8000 लक्स, असे एकच ‘प्रमाण आकाश’ त्यात धरलेले आहे. बाकावर त्याचा एक टक्का पोचला तर 80 लक्स. हिशेब कागदावर होतो, पण त्या आकाशाला ना वैशाख माहीत ना आषाढ. आता संगणकावर वर्षाचा प्रत्येक तास वेगळा धरता येतो, म्हणजे एकूण 8760 आकाशे. ही आकाशे कोणी छायाचित्रे काढून जमवत नाही, हवामानाच्या नोंदींतून ती तयार केली जातात. ते कसे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

नोंदींची फाइल

सुरुवात होते ‘ईपीडब्ल्यू’ फाइलपासून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ‘एनर्जीप्लस’ या प्रणालीसाठी ठरलेले हे स्वरूप आता जगभर चालते. वर शहराची माहिती देणाऱ्या आठ ओळी, खाली तासागणिक एक अशा 8760 ओळी आणि प्रत्येक ओळीत 35 रकाने: तापमान, आर्द्रता, वारा वगैरे. उजेडासाठी त्यांतले दोनच रकाने कामाचे आहेत.

पहिला रकाना थेट प्रारणाचा. सूर्याकडे रोखलेल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सूर्यबिंबाकडून सरळ आलेली ऊर्जा त्यात असते. दुसरा विसरित प्रारणाचा. सूर्यबिंब झाकले, तर उरलेल्या आकाशाकडून आडव्या पृष्ठभागावर जी ऊर्जा येते ती ही. फाइलमध्ये उजेडाचे म्हणजे लक्सचे रकानेही असतात, पण ते बहुधा प्रारणावरूनच काढलेले असतात किंवा ‘माहिती नाही’ या अर्थाने 999999 भरलेले असतात. म्हणून प्रारणापासून निघालेले बरे.

ही फाइल प्रत्यक्षात घडलेल्या एका वर्षाची नसते. बऱ्याच वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक महिन्याचा सर्वांत प्रातिनिधिक नमुना निवडतात आणि असे बारा महिने एकापुढे एक जोडतात. जानेवारी एका सालचा आणि फेब्रुवारी दुसऱ्याच सालचा असू शकतो. गेल्या वर्षीचा अवकाळी पाऊस त्यात शोधू नये.

सूर्य नेमका कुठे

दिनांक, वेळ, अक्षांश आणि रेखांश कळले की सूर्याची उंची आणि दिशा भूमितीने निघते. पुणे साधारण 73.85 अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंशांची. फरक 8.65 अंशांचा आणि दर अंशाला चार मिनिटे, म्हणून पुण्यात सूर्य माध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. त्यात वर्षभर थोडीफार कमीजास्त होते, तीही सूत्रात धरलेली असते.

इथे दोन खाचखळगे आहेत. ईपीडब्ल्यूमध्ये ‘10’ या तासाची नोंद नऊ ते दहा या वेळातली बेरीज असते. सूर्य दहा वाजताचा धरला तर तो साडेसात अंश पुढे सरकतो, म्हणून साडेनऊचा सूर्य धरायचा. दुसरा खळगा चिन्हांचा. प्रकाशगणनेच्या साधनांसाठी ईपीडब्ल्यूतून ‘डब्ल्यूईए’ नावाची आटोपशीर फाइल काढतात. तिच्यात पश्चिम रेखांश धन असतात, त्यामुळे पुण्यासाठी रेखांश उणे 73.85 आणि वेळेचा रेखांश उणे 82.5 असा लिहावा लागतो. दोन्ही चुकून धन राहिले तर सूर्य सुमारे 70 मिनिटे पुढे पळतो. संगणक काहीच तक्रार करत नाही, उत्तरही छान दिसते. फक्त सकाळच्या वर्गातले ऊन भलत्याच वेळी पडते.

ढगांचा अंदाज

आता मुख्य प्रश्न. फाइल सांगते की आकाशाकडून एकूण इतकी ऊर्जा आली. ती आकाशाच्या कोणत्या भागातून किती आली, हे ती सांगत नाही. उत्तरेच्या खिडकीला तर नेमके तेच हवे असते.

रिचर्ड पेरेझ आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेले ‘सर्व हवामानांचे’ आकाश-प्रारूप ही उणीव भरून काढते. त्यासाठी ते दोन खुणा वापरते. पहिली स्वच्छतेची: विसरित आणि थेट प्रारणाच्या बेरजेला विसरित प्रारणाने भागायचे आणि सूर्याच्या उंचीसाठी छोटी दुरुस्ती करायची. दुसरी उजळपणाची: विसरित प्रारण हे वातावरणाबाहेरच्या सूर्यऊर्जेच्या मानाने किती, हे सूर्यकिरणांना हवेतून कापाव्या लागणाऱ्या अंतराचा हिशेब धरून काढायचे.

समजा, सूर्य 60 अंश उंचीवर आहे, थेट प्रारण 700 वॅट आणि विसरित 150 वॅट आहे. भागाकार 5.67 येतो, दुरुस्तीनंतर स्वच्छतेचा आकडा 5.06. पेरेझ यांनी या आकड्याचे आठ गट पाडले आहेत. पहिला गट 1 ते 1.065, म्हणजे पूर्ण मळभ. आठवा 6.2 च्या पुढे, म्हणजे लख्ख निरभ्र. आपले आकाश सातव्या गटात बसले. आता पावसाळ्यातला एक तास घ्या: सूर्य तेवढ्याच उंचीवर, थेट प्रारण शून्य, विसरित 250 वॅट. स्वच्छतेचा आकडा बरोबर 1, गट पहिला. ढग दाट की पातळ हे मात्र त्यावरून कळत नाही. ते उजळपणाचा आकडा सांगतो, तो इथे सुमारे 0.21 येतो.

आकाशाचा आकार

गट कळला की प्रारूप पाच गुणांक ठरवते. पहिले दोन खमध्यापासून क्षितिजापर्यंत उजेड कसा बदलतो ते सांगतात. पुढचे दोन सूर्याभोवतालची झळाळी किती तीव्र आणि किती पसरट ते ठरवतात. पाचवा सूर्यापासून दूरच्या भागाकडे परतणाऱ्या प्रकाशाचा. पूर्ण मळभात सूर्याची बाजू जवळपास पुसली जाते आणि खमध्य क्षितिजापेक्षा उजळ दिसतो. 1942 मध्ये मून आणि स्पेन्सर यांनी मळभाच्या आकाशासाठी हे प्रमाण तिनास एक असे मांडले होते. निरभ्र दिवशी उलट, सूर्याजवळचा भाग झगझगतो, क्षितिज उजळते आणि सूर्यासमोरचे निळे आकाश सर्वांत गडद असते.

सूत्रातून मिळते ती फक्त प्रमाणे. खरा उजेड मिळण्यासाठी वॅटचे ल्युमेन करावे लागतात. आकाशाच्या विसरित प्रकाशात दर वॅटमागे साधारण 100 ते 130 ल्युमेन मिळतात, नेमका आकडा ढग, सूर्याची उंची आणि हवेतली वाफ यांवर ठरतो. वरच्या मळभाच्या तासाला 120 धरले तर बाहेर 30,000 लक्स झाले. सगळ्या आकाशाचा मिळून आडव्या पृष्ठभागावर नेमका एवढाच उजेड पडेल, अशा बेताने प्रमाणे वाढवायची, की त्या तासाचे आकाश तयार.

तुकडे आणि गुणाकार

सलग आकाश संगणकात साठवता येत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. पीटर ट्रेगेंझा यांची 1987 ची मांडणी आजही चालते: क्षितिजापासून वर 12-12 अंशांचे पट्टे, त्यांत अनुक्रमे 30, 30, 24, 24, 18, 12 आणि 6 तुकडे, माथ्यावर एक. एकूण 145. जमिनीचा एक धरून 146. बारकावा हवा असेल तर माथ्याचा सोडून प्रत्येक तुकड्याचे सोळा करतात, मग आकाशाचे 2305 तुकडे होतात.

ग्रेग वॉर्ड यांनी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत उभी केलेली ‘रॅडियन्स’ ही प्रणाली या कामासाठी जगभर वापरतात. तिच्यातला ‘जेनडेएमटीएक्स’ हा प्रोग्राम डब्ल्यूईए फाइल घेतो आणि एक भला मोठा तक्ता देतो: आडव्या ओळीत आकाशाचा एकेक तुकडा, उभ्या रकान्यात एकेक तास. बारीक तुकड्यांचा तक्ता दोन कोटींहून अधिक खान्यांचा होतो.

दुसरीकडे वर्गाचा हिशेब एकदाच करायचा: आकाशाचा एकेक तुकडा एकक तेजाने उजळला तर बाकावर किती उजेड पोचतो? ट्रेगेंझा आणि वॉटर्स यांची 1983 मधली ही कल्पना. पुढचे काम किराणा दुकानातल्या बिलासारखे आहे: प्रत्येक तुकड्याचा दर गुणिले त्या तासाचे नग, आणि शेवटी बेरीज. किरणांचा माग काढण्याचे वेळखाऊ काम पुन्हा करावे लागत नाही. पुण्याऐवजी नागपूरची फाइल लावली तर नवे उत्तर चटकन येते.

या सोयीची किंमत सूर्यबिंबाच्या बाबतीत मोजावी लागते. सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद, तुकडा 12 अंशांचा. त्याचे ऊन जवळच्या चार तुकड्यांत वाटले जाते, त्यामुळे बाकावरच्या उन्हाच्या कडा पसरट होतात. एकूण उजेडाला ते चालते. डोळ्यांवर येणारी तिरीप तपासायची असेल तर सूर्य वेगळा काढून खऱ्या आकाराचा धरावा लागतो.

निकाल वाचताना

शेवटी हाती येतात 8760 आकडे प्रत्येक बाकासाठी. त्यांतून किती तास उजेड 100 ते 2000 लक्सच्या उपयुक्त टप्प्यात होता ते मोजतात. आपल्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही हेच मोजमाप आहे. वर्षभराचा हिशेब काही ठोकताळेही मोडतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही असे आपण सर्रास म्हणतो. पण पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात, आणि त्यांच्या दरम्यान भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो. जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत त्या खिडकीला छज्जा लागतो.

पण एवढ्या आकडेमोडीचा पाया प्रत्येक तासाचे दोनच आकडे आहेत. अनेक फाइलींत तेही मोजलेले नसतात, ढगांच्या नोंदींवरून किंवा उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाजलेले असतात. पेरेझ यांचे गुणांकही कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील आकाशाच्या मोजमापांवर आधारलेले आहेत, कोकणच्या श्रावणावर नाहीत. म्हणून आराखडा बदलण्याआधी आपल्या शहराची फाइल उघडा. प्रारण मोजलेले आहे की अंदाजलेले ते वाचा. जुलैत थेट प्रारण खरोखर घसरते का ते पाहा. पुण्याची फाइल असेल तर माध्यान्हीचा सूर्य साडेबाराच्या सुमारास येतो का ते तपासा. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. तिच्याशिवाय काढलेल्या रंगीत नकाशांवर खिडक्यांची मापे ठरवू नयेत.