संगणकावरचा रेडिओ : यंत्र कोणते घ्याल?



कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने ‘संगणकावर रेडिओ ऐकायचे यंत्र हवे’ म्हणून हट्ट धरला, तर रागावू नका. पण कापसाच्या पट्टीतून लगेच पैसेही काढून देऊ नका. यात पैसे घालवून बसलेला माणूस तुमच्याशी बोलतो आहे.

जुन्या रेडिओत केंद्र निवडण्याचे काम तारेची वेटोळी आणि कंडेन्सर करीत. या नव्या प्रकारात यंत्र खळ्यावरची रास जशीच्या तशी घरात आणते आणि चाळणी लावतो तो संगणक. चाळणी बदलली की त्याच यंत्रावर एफएम, विमानांचे संकेत, हवामान उपग्रहाची ढगांची चित्रेसुद्धा मिळतात.

मी पहिल्यांदाच प्रक्षेपणही करणारे, कित्येक पट महाग यंत्र घेतले. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे, हे नंतर कळले. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो. मी ती दिली नव्हती. बरे, ऐकण्यातली बारकाई म्हणाल तर 8 बिटांची, म्हणजे 256 पायऱ्यांची. साध्या डोंगलचीही तेवढीच! यंत्र कपाटात पडून राहिले.

हे डोंगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी केलेले. त्यातली आरटीएल2832यू ही चिप रेडिओसाठीही वापरता येते, हे 2012 मध्ये हौशी मंडळींना उमगले. आर820टी ट्यूनर असलेले डोंगल साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झ पकडते. सुरुवातीला तेच घ्या, मात्र धातूच्या डबीतले. ते तापते फार. आकाशवाणीची मध्यम लहर 24 मेगाहर्ट्झच्या बरीच खाली येते. ती ऐकायची असेल तर तशी सोय आतच केलेले डोंगल मागा. जवळच्या जोरदार केंद्राखाली दूरचे क्षीण केंद्र दबत असेल, तरच 12 बिटांच्या, म्हणजे 4096 पायऱ्यांच्या यंत्राचा विचार करावा.

उरलेले पैसे अँटेनात घाला. खरी कमाई तिथे आहे. अमेरिकेच्या नोआ उपग्रहांची 137 मेगाहर्ट्झवरची चित्रे 2025 मध्ये बंद झाली. रशियाचे मीटिऑर उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रे पाठवतात. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या 53 सेंटिमीटरच्या दोन दांड्या 120 अंशांत आडव्या बसवल्या की झाले. एलईडी दिवे, चार्जर यांची खरखर फार येते, म्हणून अँटेना घरापासून दूर, गच्चीवर वा मळ्यात लावा.

आणि वळवाचे ढग दिसू लागले की वायर डोंगलमधून काढून घराबाहेर ठेवा.