कचरा व्यवस्थापन आणि स्थानिक रोजगार

नागरी घनकचरा हा केवळ आरोग्याचा प्रश्न मानल्यास त्यावरील व्यय हा निव्वळ भार ठरतो. तोच कचरा उगमस्थानी वेगळा केल्यास त्याचे कच्च्या मालात रूपांतर होते. मिश्र कचऱ्यात भिजलेल्या कागदाला व मळलेल्या प्लास्टिकला भंगार बाजारात अत्यल्प भाव मिळतो. म्हणजेच कचऱ्याचे मूल्य वर्गीकरणाच्या श्रमातून निर्माण होते.

छत्तीसगडमधील अंबिकापूर हे याचे बोलके उदाहरण होय. तेथे २०१५ मध्ये महिला स्वयंसहायता गटांमार्फत घरोघरी संकलन सुरू झाले. केंद्रांवर पुठ्ठा, काच, धातू, प्लास्टिक यांची हाताने विभागणी होते. घरटी शुल्क आणि सुक्या मालाची विक्री हे उत्पन्नाचे दोन स्रोत आहेत. भंगाराचे दर घसरले तरी शुल्कामुळे आधार राहतो. जुन्या कचरा डेपोच्या जागी उद्यान उभे राहिले. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेनेही महापालिकेशी करार करून याच दोन स्रोतांवर काम उभारले.

याउलट, कंत्राटदारास टनामागे मोबदला दिल्यास अधिक वजन वाहून नेण्यातच त्याचे हित असते. कचरा कमी करण्यात नव्हे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी वर्गीकरण बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपविली. तथापि, सुक्या मालावरील हक्क वेचणाऱ्यांकडे राहिला तरच त्यातील उत्पन्न स्थानिक श्रमिकांच्या हाती पडेल.