गोड किती, आणि गोड कितीदां?

सकाळचा चहा होतो न होतो तोंच दारीं कोणीतरी येतें. पुन्हां चहा होतो, बरोबर बिस्किटें येतात, आणि घरांतील लहान मूलही त्यांतलें एक हातांत घेऊन हिंडूं लागतें. यांत वावगें असें कोणालाच वाटत नाहीं. पुढें त्याची दाढ दुखूं लागली म्हणजे मात्र आई म्हणते, "आमच्याकडे गोड फारसें खातच नाहींत!" तिचें म्हणणें खोटें नसतें. परंतु दांतांपुरतें पाहिलें, तर गोड किती खाल्लें याइतकाच तें दिवसांतून कितीदां खाल्लें हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

दांतांवर जंतूंचा एक चिकट थर सदैव जमत असतो. साखर मिळतांच हे जंतु तिच्यापासून आम्ल तयार करतात, व त्या आम्लानें दांताच्या कठीण कवचांतील क्षार विरघळूं लागतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकानें १९४० च्या सुमारास हें प्रत्यक्ष मोजून दाखविलें. आम्लता वाढते कांहीं मिनिटांत. ती उतरावयास मात्र अर्धा-पाऊण तास, क्वचित् त्याहूनही अधिक वेळ लागतो. उतरविण्याचें काम करते ती आपली लाळ. गेलेले क्षारही तीच थोडेथोडे परत आणून देते. मात्र तिला सवड हवी. तासातासाला कांहीं गोड चघळणाऱ्याच्या दांतांचा जमाखर्च कधींच जुळत नाहीं, आणि एकदां खळगा पडला म्हणजे तो आपोआप भरून येत नाहीं.

स्वीडनमध्यें व्हिपेहोल्म येथील मनोदुर्बलांच्या इस्पितळांत १९४५ नंतर याची पडताळणी झाली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दांत थोडेच किडले. दोन जेवणांच्या मध्यें चिकट टॉफी खाणाऱ्यांचे पुष्कळ किडले. त्या असहाय रुग्णांची संमति कोणी विचारली नव्हती. इतकें मोल देऊन मिळालेलें ज्ञान आपण निदान वायां तरी घालवूं नये.

म्हणून गोड खावयाचें तें जेवणाच्या पानावरच खावें. तिळगूळ असो वा चिक्की, तिलाही हाच नियम. गूळ किंवा मध नैसर्गिक म्हणून दांतांना निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. मधल्या वेळीं भूक लागल्यास शेंगदाणे, काकडी, गाजर किंवा बिनसाखरेचें दूध घ्यावें. दुसऱ्या-तिसऱ्या चहांतील साखर वगळावी. जेवणानंतर चूळ भरण्याची आपली जुनी चाल चहानंतरही पाळावी. लिंबाचें सरबत प्याल्यावर लगेच दांत घासूं नयेत. आम्लानें मऊ झालेलें कवच घासण्यानें झिजतें. झोपेंत लाळ फार कमी सुटते, यास्तव रात्रीं दांत घासल्यावर पाण्यावांचून कांहीं घेऊं नये, व तान्ह्या मुलाला दुधाची बाटली तोंडांत ठेवून निजवूं नये.

हिरड्यांचा शत्रुही तोच चिकट थर. आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्व हिरड्यांना आवश्यक आहे. पण केवळ आहारानें थर निघत नाहीं. त्यासाठीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें दोनदां दांत घासलेच पाहिजेत. रक्त आलें म्हणून घासणें सोडूं नये, दंतवैद्यास दाखवावें. कित्येक घरांत मशेरी लावतात. ती जाळलेली तंबाखूच आहे. तिनें हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते.

शेवटीं एक गोष्ट आयांनी अवश्य ध्यानांत ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून ती दुधाचीच समजून पुष्कळदां दुर्लक्षिली जाते. ती कायमची आहे. गेली तर तिच्या जागीं दुसरी येणार नाहीं. आणि नेमक्या याच वयांत मूल शाळेंत जाऊं लागतें, खिशांत गोळ्या येऊं लागतात. तेव्हां आज रात्रीं दिव्याच्या उजेडांत आपल्या मुलाचें तोंड एकदां उघडून पाहा. ती दाढ आली असेल, तर तिला जन्मभर टिकावयाचें आहे.